एनएफएल प्लेऑफचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

जानेवारीत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) आले की आमच्या न्यू जर्सीच्या मंडळींत अंदाजांच्या एक्सेल शीट फिरायला लागतात. माणसं दरवर्षी नवी, चुका त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एकूण यार्ड (बॉल किती पुढे नेला त्याचं माप) बघून टीम निवडणं. जानेवारी २०२० मध्ये रेव्हन्स टायटन्सकडून २८-१२ हरले, तेव्हा माझा भाचा शीट नाचवत आला. "मामा, ५३० यार्ड! टायटन्सचे फक्त ३००. निव्वळ नशीब!" अरे, पण ते ५३० आले कुठून? दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला रेव्हन्स ७-० मागे, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), हवा फक्त एक यार्ड. तो मिळाला नाही, बॉल टायटन्सकडे गेला आणि पुढच्याच प्लेला (चालीला) त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, टॅनेहिलने ४५ यार्डांचा टचडाउन (सहा गुणांचा) पास टाकला. मग काय, त्या सीझनला ३,२९६ रशिंग यार्डांचा (बॉल घेऊन पळत कमावलेल्या) विक्रम करणाऱ्या टीमच्या क्वार्टरबॅक लमार जॅक्सनवर ५९ पास टाकायची वेळ आली. मागे पडलेली टीम पास टाकत सुटते, आघाडीवरचा बचाव छोटे पास खुशाल देतो आणि घड्याळ पळू देतो. यार्ड वाढतात, सामना हातातून जातो. भाच्याच्या शीटमध्ये बॉल गमावल्याचा रकानाच नव्हता. रेव्हन्सने तो तीनदा गमावला होता.

"जास्त रन करणारी (पास न टाकता बॉल घेऊन पळणारी) टीम जिंकते" हेही तसंच उफराटं. जिंकत असते म्हणून ती रन करते, वेळ काढायला.

माझी सवय अशी: फरक दोन टचडाउनपेक्षा जास्त असेल, तर चौथ्या क्वार्टरचे आकडे सरळ काढून टाकायचे आणि उरलेल्यात एका प्लेमागे किती यार्ड ते बघायचं. काम कंटाळवाणं आहे. तयार टेबल चिकटवून दहा मिनिटांत भविष्य सांगणाऱ्यांना ते जमायचं नाही.

जय-पराजयावर भाळू नका. २०२२ चे व्हायकिंग्स १३-४ (१३ विजय, ४ पराभव) होते, पण सीझनभराचा गुणफरक (केलेले वजा दिलेले गुण) उणे ३! एका स्कोअरच्या (आठ किंवा कमी गुणांच्या) फरकाचे अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले होते. प्लेऑफमध्ये त्यांच्याच मैदानावर जायंट्सनी त्यांना ३१-२४ असं घरी बसवलं. यावर कोणीतरी हमखास २०११ चे जायंट्स तोंडावर फेकतं: गुणफरक उणे ६, तरी सुपर बोल (अंतिम सामना) जिंकला. जिंकला ना. म्हणूनच मी "नक्की" न लिहिता "६५ टक्के" लिहितो, आणि किकऑफनंतर (सामना सुरू झाल्यावर) तो आकडा बदलत नाही.

बाकी किरकोळ. फंबल, म्हणजे हातातून सुटलेला बॉल, कोणाच्या हाती लागेल हे कौशल्य नाही, त्याची सरासरी पुढे ओढू नका. शेवटच्या आठवड्यात मुख्य खेळाडू बसवले असतील तर तो सामना वगळा. क्वार्टरबॅक बदलला असेल तर आधीचे आकडे विसरा. आणि सुपर बोलला होम फील्डचे (घरच्या मैदानाच्या फायद्याचे) पॉइंट देऊ नका. ते मैदान कितीतरी आधी ठरलेलं असतं. बुकॅनियर्स आणि रॅम्स लागोपाठ दोन वर्षं आपापल्या स्टेडियमवर खेळले, तो योगायोग.