पानफुटी सकाळी आंबट आणि संध्याकाळी फिक्की का? हळद-चुन्याने घरीच तपासा

वाळवंटातली झाडं जगतात कशी म्हटलं की सगळे पटकन म्हणतात, पाणी साठवतात ना. बरोबर आहे, पण अर्धंच. खरी गंमत श्वासाच्या वेळेत आहे आणि ती बघायला ॲरिझोनाला जायची गरज नाही, कुंडीतली पानफुटी पुरते.

आधी मामला काय ते थोडक्यात. झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो पानावरच्या बारीक छिद्रांतून आत येतो, पण छिद्रं उघडली की त्याच वाटेने आतलं पाणी वाफ होऊन जातं. ॲरिझोनातल्या सोनोरा वाळवंटात उन्हाळ्यात दिवसा चाळिशीच्या वर पारा असताना तिथल्या सग्वारो निवडुंगाने छिद्रं उघडी ठेवली तर संपलंच. म्हणून तो रात्री उघडतो, गारव्यात. रात्री आत आलेला वायू मॅलिक ॲसिड करून पेशीतल्या पिशवीत भरून ठेवतो (हेच ॲसिड सफरचंदातही असतं), सकाळी दारं बंद, आणि मग दिवसभर त्या ॲसिडमधून वायू परत सोडवून उन्हाच्या जोरावर साखर बनवतो. रात्री माल भरायचा, दिवसा शटर पाडून आत काम. याला कॅम म्हणतात, आणि आपली पानफुटीही हेच करते. हिशेब बघा, एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला साध्या झाडाचं ४००-५०० ग्रॅम पाणी उडतं, कॅमवाल्याचं साधारण ५०-१००. फक्त साठवायची जागा मर्यादित असल्यामुळे वाढ अगदी रडतखडत, सग्वारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच होतो.

आता प्रयोग. हिवाळ्यात करा, कारण रात्र गार आणि दिवस कडक उन्हाचा असला की फरक मस्त दिसतो. किनाऱ्यावरच्या उकाड्याच्या रात्री तो कमी पडू शकतो.

आदल्या रात्री खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवा, सकाळी वरची नितळ निवळी अलगद काढून घ्या, डोळ्यात जाऊ देऊ नका. चिमूटभर हळद थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवून पांढऱ्या कागदावर फासा, वाळवा, पट्ट्या कापा. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज मेडिकलमधून आणा.

पहाटे, ऊन पडायच्या आत, पानफुटीचं पान तोडून साधारण दोन ग्रॅम तुकडे वजन करून घ्या (सोनाराचा काटा नसला तरी चालेल, दोन्ही वेळेला एकाच मापाचे तुकडे घ्या म्हणजे झालं) आणि लगेच उकळत्या अर्धा कप पाण्यात टाका. हे महत्त्वाचं, उकळलं की पानातली उलाढाल थांबते, नाहीतर पान तुमची वाट बघत बसणार नाही. गार झालं की कुस्करून फडक्यातून गाळा आणि बाटलीत ठेवा. संध्याकाळी त्याच झाडाचं, तेवढंच मोठं आणि उन्हातलंच पान घेऊन तेच सगळं.

मग एकेका पाण्यात सिरिंजने अर्धा-अर्धा मिली निवळी घाला, ढवळा, काडीने एक थेंब हळदीच्या पट्टीवर ठेवा. पिवळंच राहिलं तर आंबटपणा शिल्लक आहे, घालत राहा. डाग लालसर झाला की थांबा, किती मिली गेली ते लिहा. सकाळच्या पाण्याला बरीच जास्त निवळी लागते. जोडीला जास्वंदीच्या पानावर हेच करून बघा, तिथे असा फरक दिसत नाही.

पोरांना दाखवायचं असेल तर अजून एक करा, एका कुंडीवर सकाळीच पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. संध्याकाळी तिचं पान बऱ्यापैकी आंबटच निघेल, कारण ॲसिड संपवायला ऊन लागतं.

चाखून बघायचा मोह होईल. बेंजामिन हाइने नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने भारतात असताना तेच केलं होतं, सकाळी पान आंबट, दुपारी बेचव, आणि त्याचं ते पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आलं. पण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरं खाऊन दगावतात, तेव्हा हळदीची पट्टीच बरी.

आणि हो, स्नेक प्लांट बेडरूममध्ये ठेवा, रात्री ऑक्सिजन देतो, हे फॉरवर्ड आलं तर सोडून द्या. तोही कॅमवाला, रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरं, पण ऑक्सिजन बनतो उजेडातच.

चवच घ्यायची असेल तर घोळ लावा, आपली भाजीची. ती एरवी दुसऱ्या पद्धतीने काम करते पण पाणी तोडलं की कॅमसुद्धा चालू करते. दोन कुंड्या करा, एकीला रोज पाणी, दुसरीला पानं मलूल होईपर्यंत बंद, आणि मग दोन्हीची पानं पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा खाऊन बघा. मुळात ती थोडी आंबट असतेच, लक्ष द्यायचं ते तहानलेल्या कुंडीतल्या पहाट-संध्याकाळच्या फरकाकडे.