घरातलं ऑर्किड: तांब्या उचलण्याआधी मुळं बघा

ऑर्किडचं पान मऊ पडून सुरकुतलं की हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे जातो. तिथेच थांबा. पाणी कमी पडलं की पान सुरकुततं, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी तसंच सुरकुततं, कारण कुजलेल्या मुळाला पाणी ओढताच येत नाही. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात. पहिल्याला पाणी दिलं तर ते सावरतं, दुसऱ्याला दिलं तर उरलेली मुळंही जातात. घरातली बरीचशी ऑर्किडं तहानेने मरत नाहीत, काळजीपोटी रोज घातलेल्या पाण्याने मरतात.

सातारा-सांगलीच्या रोपवाटिकांत मिळतात ती मुख्यतः फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम. ही मातीत वाढणारी झाडं नव्हेत. महाबळेश्वर-कोयनेकडच्या जंगलात फांदीला लोंबणारी सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, पाहिली असेल, तर यांचं राहणं लगेच लक्षात येईल: सर आली की मुळं चिंब भिजतात, वारा सुटला की सुकतात. मुळाभोवती स्पंजासारखं आवरण असतं. ते ओलं असताना हिरवं दिसतं, सुकलं की चांदीसारखं राखाडी. पाणी कधी द्यायचं ते हा रंग सांगतो, म्हणून घरात पहिल्यांदा ऑर्किड लावताना पारदर्शक प्लास्टिकची, तळाला आणि बाजूला भोकं असलेली कुंडीच घ्या. शोभेची चिनी मातीची कुंडी तिच्याबाहेर ठेवता येते.

मुळं कशी तपासायची

रोप कुंडीतून हलक्या हाताने काढा. चांगलं मूळ दोन बोटांत दाबल्यावर टणक लागतं. कुजलेलं तपकिरी आणि पोकळ असतं. चिमटीत धरून ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा उरतो. बाजारातून आणलेल्या रोपात आणखी एक गोष्ट बघा. मुळांच्या मधोमध शेवाळाचा किंवा कोकोपीटचा घट्ट गोळा दाबलेला असतो. वरचा थर कोरडा वाटला तरी तो गोळा आठ-दहा दिवस ओलाच राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते. फुलं झडून गेली की तो काढून टाका.

कुजलेली मुळं कापायची असतील तर कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करा. टणक मूळ लागेपर्यंत कापा. कापलेल्या तोंडांना चिमूटभर दालचिनीची पूड लावली तरी चालते, पण धडधाकट मुळांवर ती सांडू देऊ नका, कारण ती मुळं कोरडी पाडते. रोप पाच-सहा तास सावलीत उघडं ठेवा म्हणजे जखमा सुकतील. मग नव्या भरावात बसवा: झाडाच्या सालीचे तुकडे दोन भाग, लोणारी कोळसा एक भाग, नारळाच्या शेंड्यांचे तुकडे एक भाग, सगळे साधारण सुपारीएवढे. शेंड्या आधी 24 तास पाण्यात भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, त्यात क्षार असतात. कुंडी मुळं मावतील एवढीच घ्या, मोठी कुंडी उशिरा सुकते. नंतर चार-पाच दिवस पाणी नको. साल कुजून भुसभुशीत झाली की हवा खेळत नाही, म्हणून दीड-दोन वर्षांनी भराव बदलावाच लागतो.

पाणी देण्याची पद्धत

सकाळी कुंडी बादलीत काठापर्यंत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग उचलून पूर्ण निथळू द्या. बाहेरच्या कुंडीत किंवा ताटलीत पाणी साचून राहता कामा नये. ओली कुंडी हातात घेऊन वजनाचा अंदाज लक्षात ठेवा; चार दिवसांनी तीच कुंडी कागदासारखी हलकी लागेल. मुळं राखाडी झाली आणि कुंडी हलकी लागली, की पुन्हा पाणी द्यायची वेळ झाली.

पाच इंची कुंडी आणि सालीचा भराव धरला, तर सांगली-मिरजेकडे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत पाच-सहा दिवसांनी पाणी लागतं. पावसाळ्यात पाटण, जावळी, शिराळ्याच्या दमट हवेत आठ-दहा दिवसही लागत नाही, तर जत-आटपाडीकडे त्याच महिन्यांत चौथ्या दिवशी कुंडी कोरडी होते. हे आकडे अंदाजासाठी आहेत. निर्णय मुळाच्या रंगावरूनच घ्या.

फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर रात्रीत शेंडा कुजू शकतो, आणि या झाडाला शेंडा एकच असतो. वरून पाणी पडलंच तर टिश्यू कागदाच्या टोकाने लगेच टिपून घ्या.

आता पाणी कसलं. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात क्षारपड जमीन काही नवी नाही, आणि तिथल्या बऱ्याच बोअरचं पाणीही तसंच. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढली, मुळांची हिरवी टोकं काळी पडून वाढ थांबली, तर ते क्षारांचं काम आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 200 पीपीएमच्या आत असलेलं पाणी चांगलं. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. पन्हाळीखाली स्वच्छ पिंप ठेवून पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या आणि नंतरचं झाकून साठवा. आरओचं शुद्ध पाणीही चालतं, पण त्या यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी अजिबात नको, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. बोअरशिवाय इलाज नसेल तर महिन्यातून एकदा तरी कुंडीच्या तिप्पट-चौपट पावसाचं किंवा आरओचं पाणी वरून सोडून भराव धुऊन काढा.

कीड: ओळख आधी, औषध नंतर

सगळ्यात चिवट पिठ्या ढेकूण. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. तसलाच कापसाचा पुंजका ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात, फुलांच्या दांड्याच्या पेरात आणि कुंडीच्या काठाखाली सापडतो. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की तो कुठेतरी आहे असं धरून शोधा, कारण मुंग्या त्याच्या चिकट गोड स्रावासाठी येतात. मात्र फॅलेनॉप्सिसच्या दांड्यावर काचेसारखे स्वच्छ चिकट थेंब दिसले आणि कीड कुठेच सापडली नाही, तर घाबरू नका. तो झाडाचाच रस असतो.

रोप लगेच बाकीच्यांपासून दूर न्या. मेडिकलमधून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानातल्या कापूसकाडीला लावून प्रत्येक पुंजका पुसा. जेलसारखं सॅनिटायझर वापरू नका आणि हे काम गॅसपासून लांब करा. मग 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 2 मिली सौम्य हात धुण्याचा द्रवसाबण घालून खूप हलवा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पान भाजतं. आधी एका पानावर फवारून दोन दिवस बघा. फवारणी संध्याकाळीच, पानांच्या खालूनही. उमललेल्या फुलांवर नको. बेचक्यात उतरलेलं टिपून घ्या. अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून दर सात दिवसांनी असं किमान चार वेळा करावं लागतं. दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि माणूस सोडून देतो. महिन्याभराने कीड पुन्हा तिथेच. मुळांवरही पांढरं दिसलं तर भराव फेकून द्या, कुंडी गरम पाण्याने धुवा.

खवले कीड पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी टिकल्यांसारखी चिकटते. नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडा, पुढचं सगळं वरच्यासारखंच.

लाल कोळी उन्हाळ्यातला. पानाचा खालचा भाग चंदेरी, बारीक टोचल्यासारखा दिसू लागला की पांढऱ्या टिश्यूने पुसून बघा. तांबूस रेघ उठली तर कोळीच. तो कीटक नव्हे, त्यामुळे माव्यावर चालणारी कीटकनाशकं त्याच्यावर बहुधा फुकट जातात. त्याला कोरडी गरम हवा मानवते. तीन-तीन दिवसांनी पानांची खालची बाजू नळाखाली धुवा, फॅनच्या झोतातून रोप हलवा, शेजारी खडे आणि पाण्याचं ताट ठेवा, कुंडी मात्र पाण्यात टेकू देऊ नका. त्यावर आठवड्याला एक कडुनिंबाची फवारणी.

फुलकिडे कळ्या वाकड्या करतात आणि पाकळ्यांवर फिकट चट्टे पाडतात. डागी फुलं व कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका. कुंडीभोवती चिलटं उडत असतील तर तो भराव सतत ओला राहत असल्याचा पुरावा. औषध न मारता पाणी लांबवा.

शेतातल्या साठ्यातली औषधं घरात आणू नका. बागेत बुरशीसाठी सर्रास वापरलं जाणारं बोर्डो मिश्रणही ऑर्किडवर नको. त्यातलं तांबं विशेषतः डेंड्रोबियमला सोसत नाही, पानं-कळ्या करपतात.

नवीन रोप आणलं की तीन आठवडे दुसऱ्या खोलीतल्या खिडकीत एकटं ठेवा. दर रविवारी भिंग आणि मोबाइलची बॅटरी घेऊन पानांच्या बेचक्या, दांड्याची पेरं आणि कुंडीचा तळ बघा. चौथ्या रविवारीही काही सापडलं नाही, तरच ते बाकीच्यांच्या रांगेत ठेवा.