क्षारपड रानात निचऱ्याचा पाइप: छोट्या ट्रॅक्टरने चर काढताना

ऊस तुटून गेला की शिरोळ, मिरज, वाळवा, पलूसकडच्या काळ्या रानात पांढरे क्षार उघडे पडतात. अशा पाणथळ जमिनीत सच्छिद्र पाइपचा निचरा टाकायला एप्रिल-मे हीच वेळ. रान रिकामं असतं आणि जमिनीतलं पाणीही खाली गेलेलं असतं. वळवाचा एखादा मोठा पाऊस झाला तर वाफसा येईपर्यंत मशीन रानात घालू नका.

पोकलेन परवडत नाही किंवा बांधावरून आत येत नाही, म्हणून बरेच जण छोट्या ट्रॅक्टरला मागे बॅकहो (खोदाईचा बकेटवाला हात) जोडून चर काढतात. साडेतीन-चार फूट खोलीपर्यंत हे काम नीट होतं. भाड्याने सांगताना एक फुटी बकेट मागा. पाइप 80 मिलिमीटरचा असताना दोन फुटी बकेटने माती दुप्पट निघते आणि ती बुजवायचा खर्चही वाढतो. ट्रॅक्टर हलका असल्याने कठीण थरात बकेट रुतली की मागची बाजू उचलते. त्यामुळे बॅकहोचे दोन्ही टेकूचे पाय जाड फळ्यांवर टेकवून मगच खोदाई करा, नाहीतर काळ्या मातीत ते खाली जातात.

सगळ्यात आधी पाणी जाणार कुठे ते ठरवा. ओढ्याचं पावसाळ्यातलं पाणी पाइपच्या तोंडाच्या वर येत असेल, तर ते उलटं रानात शिरेल. तिथे शेवटी टाकी बांधून मोटारीनेच उपसावं लागतं. शेजाऱ्याच्या रानातून पाइप न्यायचा असेल तर बोलणं आत्ताच करून घ्या. उपसा सिंचनाची लाइन, ठिबकची मेन, मोटारीची केबल यांवर फक्कीने खुणा करा.

खोदाई ओढ्याकडून वरच्या बाजूला करत जा, म्हणजे चरात पाझरलेलं पाणी आपोआप बाहेर पडतं. उतार 100 मीटरला 20 सेंटिमीटर धरला तरी चालतो, पण तो सलग हवा. खरं कसब इथेच आहे, आणि ते मशीनवाल्याच्या नजरेवर सोडू नका. चराच्या कडेने दर 10 मीटरला खुंटी ठोका. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने सगळ्या खुंट्यांवर एकच पातळी काढा आणि मग ओढ्याकडून वर जाताना प्रत्येक खुंटीवर दोरी 2-2 सेंटिमीटरने चढवत बांधा. दीड मीटरची काठी कापून घ्या. दोरी अशा उंचीवर धरा की तिथून दीड मीटर खाली चराचा तळ येईल. ताणलेल्या दोरीवरून आडवी पट्टी चरावर धरायची आणि काठी तळाला टेकते का ते पाहत जायचं. बकेटने तळ दोन-तीन इंच वर ठेवा, उरलेलं फावड्याने काढा. एखाद्या जागी जास्त खोदलं गेलंच, तर तिथे सैल माती न टाकता जाड वाळू भरून दाबा. सैल भरावावर पाइप खचतो, खचलेल्या जागी गाळ बसतो आणि त्याच्या वरचा सगळा पाइप निकामी होतो.

निघालेली माती चराच्या काठापासून निदान तीन फूट लांब टाका आणि ट्रॅक्टरचं चाकही तेवढंच दूर ठेवा. कंबरेच्या वर खोल चरात कोणीही एकट्याने उतरू नये. भेगाळलेल्या काळ्या मातीचा काठ न सांगता ढासळतो, आणि छातीपर्यंतची माती सुद्धा माणसाचा श्वास कोंडते. काठ तिरपे करून घ्या. बकेट चालू असताना चरात कोणी नको, लहान मुलं तर रानातच नकोत.

पाइप फिल्टर गुंडाळलेलाच घ्या. जेवढा चर दिवसभरात काढला तेवढ्यात संध्याकाळपर्यंत पाइप टाकून बुजवा. पहिली अर्धा फूट माती भुसभुशीत असावी आणि हातानेच सोडावी, ढेकळं त्यावर. माती बसते, म्हणून वर वरंबा ठेवा. ओढ्याकडच्या तोंडाला जाळी बसवा, नाहीतर उंदीर-घुशी आत शिरतात.

सुरुवातीला येणारं पाणी खारट असतं, ते पिकाला देऊ नका. जिप्सम मात्र माती परीक्षणात जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तरच, आणि अहवालातल्या मात्रेनेच टाका.