ड्रॅगसाठी हेडर घेताय? आधी या चुका टाळा

माझ्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, १५०० सीसीवाली, कंपनीतून निघताना १०६ बीएचपी. तिला पहिला हेडर, म्हणजे इंजिनमधून जळलेला गॅस बाहेर नेणारा पाइपांचा जुडगा, बसवला तेव्हा मी फक्त आवाज ऐकूनच खूश झालो होतो. चकचकीत स्टील, ४-१ (चारही पाइप एकदम एकात मिळणारा), पावणेदोन इंची पाइप, आणि दुकानदार म्हणाला, "दादा, जेवढा मोठा पाइप तेवढा पिकअप." हेडर लावायच्या आधी ड्रॅगला, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीला, १७.३ सेकंद येत होते, लावल्यावर १७.६ यायला लागले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण तीच चूक आजही पोरं करताना दिसतात त्याचं जास्त वाटतं, म्हणून जे कळलंय ते सगळं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक पाइपच्या साइझची. जळलेला गॅस पाइपातून वेगात गेला तर तो मागून येणाऱ्या गॅसला ओढून नेतो आणि सिलेंडर नीट रिकामा होतो, पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की गॅस सुस्तावतो आणि ती ओढच राहत नाही. यासाठी एक जुना ढोबळ हिशोब आहे, एका सिलेंडरचे क्युबिक इंच गुणिले ज्या आरपीएमला सर्वात जास्त टॉर्क (इंजिनची खेच) हवा तो आरपीएम, भागिले ८८,२००, जे उत्तर येईल ते पाइपच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ स्क्वेअर इंचात. माझ्या सिटीचा एक सिलेंडर साधारण ३७३ सीसी, म्हणजे २२.८ क्युबिक इंच. १६ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याची जाडी) दीड इंची पाइप घेतला तर त्याच्या आतल्या क्षेत्रफळावरून उलटा हिशोब केला की सर्वात जास्त टॉर्क साधारण ५७०० आरपीएमला येतो, आणि पावणेदोन इंची घेतला तर थेट ८००० च्या जवळ! माझं इंजिन तिथपर्यंत जातच नाही, म्हणजे मी असा पाइप लावला होता ज्याचा फायदा इंजिनच्या आरपीएमची मर्यादा संपल्यावर सुरू होत होता.

मग पावणेदोन इंच हा आकडा येतो कुठून, तर बहुतेक वेळा अमेरिकन व्ही८ गाड्यांच्या सल्ल्यातून. शेवरोलेच्या ३५० क्युबिक इंची व्ही८ चा एकच सिलेंडर ७१७ सीसीचा असतो, सिटीच्या जवळपास दुप्पट, तोच पाइप तिथे ४१५० आरपीएमला बसतो आणि मस्त चालतो. सल्ला चुकीचा नाही, इंजिन वेगळं आहे. आपल्या १.२ ते १.५ लिटरच्या गाड्यांना तो जसाच्या तसा लावू नका.

आता हे नीट समजून घ्या कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. ४०२ मीटरमध्ये गाडी पीक पॉवरला राहते कुठे? सात हजाराला पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत आरपीएम चार हजाराच्या आसपास पडतो, तिथून परत चढतो, तिसऱ्यात पुन्हा पडतो पण थोडा कमी. म्हणजे पूर्ण रनमध्ये इंजिन चार ते सात हजार एवढ्यातच फिरतंय. हेडर त्या पट्ट्यासाठी घ्यायचा. डायनोच्या (पॉवर मोजायच्या मशीनच्या) कागदावर सर्वात वरचा आकडा ५ बीएचपीने वाढला आणि साडेचार हजाराला टॉर्क पडला तर तुम्ही प्रत्येक गिअरला हरताय. म्हणून माझं मत सरळ आहे, कंपनीचाच (स्टॉक) कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि स्टॉक गिअरबॉक्स असेल तर ४-२-१ घ्या, म्हणजे चार पाइप आधी दोनात आणि मग एकात मिळणारा. ४-१ चा फायदा वरच्या आरपीएमला होतो, मोठा कॅम टाकला असेल, इंजिन आठ हजारापर्यंत नेत असाल, तरच त्याच्या वाटेला जा.

पण ४-२-१ घेताना पाइप कुठला कुठल्याला जोडलाय ते बघा, हे कोणी बघतच नाही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असते, म्हणून १ बरोबर ४ आणि २ बरोबर ३ अशी जोडी लागते, तेव्हाच एका जोडीतले दोन ठोके समान अंतराने येतात. बनवायला सोपं पडतं म्हणून काही जण शेजारचे पाइप जोडतात, १-२ आणि ३-४. दिसायला अगदी ४-२-१, पण गॅस एकमेकांच्या अंगावर येतो. हेडर हातात घ्या आणि एकेका पाइपवर बोट फिरवत जा, दोन मिनिटांत कळतं. ४-१ घेतलाच तर चारही पाइपांची लांबी जवळपास सारखी आणि साधारण २८ ते ३२ इंच हवी, १५-१६ इंचांचे जे विकतात ते बॉनेट उघडल्यावर छान दिसतात, बाकी काही नाही.

दुकानातच फ्लँजच्या, म्हणजे हेडर इंजिनला बोल्टने बसतो त्या जाड पट्टीच्या, बाजूने आत बोट घाला. वेल्डिंगचा मणी आत लोंबत असेल तर तो रोज प्रत्येक ठोक्याला गॅस अडवणार, असा हेडर घेऊ नका. फ्लँज निदान १० मिलीमीटर जाड हवी, पातळ असली की वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, सपाट काचेवर ठेवून बघा, डगमगली तर परत द्या. फ्लँजचं भोक हेडच्या पोर्टपेक्षा (इंजिनमधून गॅस बाहेर पडायच्या भोकापेक्षा) किंचित मोठं चालतं, लहान अजिबात नको. आणि ३०४ स्टील म्हणून रेलिंगचा २०२ पाइप गळ्यात मारतात, चुंबकाने फरक कळत नाही कारण दोन्हीला चुंबक नीट चिकटत नाही, टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून बघावं लागतं. माइल्ड स्टीलचा हेडर चालेल, पण त्याला हीट रॅप गुंडाळून पावसाळ्यात कोकणात फिरवू नका, कापडाखाली ओल धरते आणि पाइप आतल्या आत गंजून जातो.

बसवल्यानंतर गाडी नीट चालत नसेल तर आधी लीक शोधा, ट्यूनरला शिव्या घालू नका. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करा आणि पेटवलेली उदबत्ती फ्लँजच्या कडेने हळूहळू फिरवा, जिथे धूर फटफट उडतो तिथे लीक. दुसरी खूण म्हणजे गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ. थ्रॉटल सोडल्यावर मागून फटफट आवाज येतो तो पुष्कळ जणांना रेसिंगचा वाटतो, बहुतेक वेळा ते लीकच असतं. लीकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत जातो, प्लग काळे आणि मायलेज खाली. सेन्सर चारही पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या नंतरच बसवा, एकाच पाइपात बसवला तर तो एकाच सिलेंडरची खबर देतो. पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर नट पुन्हा टाइट करायचे, हे विसरल्यामुळेच निम्मे गॅस्केट जळतात असं मला वाटतं. फ्लेक्स पाइप (मधला लवचिक जाळीदार तुकडा) काढून टाकू नका, इंजिन हलतं तेव्हा तो नसेल तर हेडरच तडकतो.

काही गाड्यांना हा विषयच लागू नाही. आठव्या जनरेशनची सिव्हिक १.८ बघा, तिचे चारही पोर्ट हेडच्या आतच एकत्र होतात आणि बाहेर एकच भोक येतं, तिला ४-२-१ बसवणार कुठे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय टर्बो इंजिनलाही मॅनिफोल्ड (पोर्ट एकत्र करणारा भाग) हेडमध्येच आहे, तिथे पैसे डाउनपाइप (टर्बोनंतरचा पाइप) आणि मॅपवर (ईसीयूच्या सेटिंगवर) जातात. आणि कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला हेडर रस्त्यासाठी नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, पीयूसी आहे, शेजारी झोपलेली माणसंही आहेत. ड्रॅग स्ट्रिपवर जाताना बदला, येताना परत लावा.

शेवटी टेस्ट. स्टॉक रन सकाळी सातला आणि हेडरची रन दुपारी दोनला केली तर काहीच कळणार नाही, गरम हवेत इंजिन ढिलं पडतंच. वेळ एक, टायर प्रेशर एक, पेट्रोल तेवढंच. रननंतर मिळणाऱ्या टाइम स्लिपवर नुसता एकूण टाइम बघू नका, शेवटचा स्पीड पॉवर सांगतो आणि पहिले ६० फूट लाँच सांगतात. माझ्या मोठ्या पाइपच्या वेळी शेवटचा स्पीड १२८ चा १२८ च होता पण ६० फूट २.५ वरून २.६ वर गेले होते, खालचा टॉर्क गेला होता तो तिथे दिसत होता, मला वाचता येत नव्हतं. आता दीड इंची ४-२-१ आहे, भोसरीत फ्लँज लेझरने कापून घेतली आणि पाइप समोर उभं राहून जोडून घेतले. आधी शिफ्ट जुन्याच ६५०० ला करत होतो तेव्हा १७.१ आले, मग थोडंथोडं वाढवत ७००० पर्यंत नेलं आणि १६.९ आले, स्पीड १३१.