मृगाआधी बांध आणि मानस तपासा : दिवाडी, चोडण, सांत इस्तेवच्या खाजन शेतकऱ्यांसाठी

गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास लागतो. म्हणजे तिसवाडीतल्या बेटांवर बांधाला माती घालायला आता थोडेच दिवस उरले आहेत. बियाण्याची, खताची चौकशी सुरू झालीच असेल. यंदा त्याआधी बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार, बघून घ्या, हे आग्रहाने सांगायचे आहे.

खाजन, म्हणजे खाडीकाठचे बांध घालून राखलेले शेत, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. मानशीचे दार ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते. गोव्यातली सुमारे १८ हजार हेक्टर खाजने याच व्यवस्थेवर पिढ्यानपिढ्या पिकत आली. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटीमीटरने वाढली. २००६ नंतरचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर आहे. बांधावरून पाणी आत येईल ही भीती सगळ्यांनाच असते, पण भरतीबरोबर ओहोटीची पातळीही वर सरकते, इकडे कमी लक्ष जाते. दार उघडे राहण्याचे तास कमी होतात आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले की मांडवीच्या काठची खाजने सर्वांत जास्त अडचणीत येतात. जुलै २०२१ च्या पुरात गोव्याने काय सोसले ते विसरण्यासारखे नाही.

म्हणून येत्या उधाणाला, दिवसाउजेडी, दोघातिघांनी मिळून बांधावरून चाला. भरती पूर्ण चढली की पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली थांबते ते मोजा आणि मानशीच्या दगडावर रंगाने खूण करून तारीख घाला. दरवर्षी हीच खूण केली तर आपल्या बांधाचा धोका किती वाढतो आहे हे कुणाला विचारावे लागणार नाही. बांधाच्या आतल्या अंगाला ओल, पाझर किंवा खेकड्यांची बिळे दिसली तर तिथे काठी रोवून ठेवा. मग ओहोटीला बाहेरच्या बाजूने जा आणि पायथा कुठे खचला आहे ते पाहा. खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, तो बहुधा अशाच जागी. बिळे नुसती वरून बुजवू नका. खणून, चिकणमाती ठासून भरा.

मानशीच्या फळ्या कुजल्या, पोखरल्या आहेत का, दार पूर्ण मिटते का, उंबऱ्याशी गाळ साचला आहे का, हे पाहा. एका ओहोटीत दार किती तास उघडे राहते ते घड्याळ लावून लिहून ठेवा. माझ्या मते सगळ्या पाहणीत हा आकडा सर्वांत मोलाचा आहे.

यातले कोणतेच काम एकट्याने निभत नाही. एकाच्या वाट्याचा बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. कुळ संघटनेची, म्हणजे बांध-मानस सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेची, बैठक आताच घ्या. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होत असेल तर पहिल्या पावसापासून कापणीपर्यंत दार भाताच्या सोयीने चालेल, हे करारात लिहून घ्या. मासळीसाठी आत घेतलेल्या खाऱ्या पाण्याने भाताचे नुकसान होते आणि भांडण नंतर मिटवणे कठीण जाते. बांधाबाहेरच्या खारफुटीला हात लावू नका; लाटांचा पहिला मार तीच झेलते. शेत मात्र पडीक ठेवू नका. पडीक खाजनात खारफुटी वाढली की ती कायद्याने तोडता येत नाही आणि शेत कायमचे हातचे जाते.

आता पिकाकडे. पहिल्या पावसाचे पाणी बांधून ठेवा आणि ओहोटीला सोडून द्या. असे दोन-तीन वेळा केले की मातीतला क्षार बराच धुऊन जातो. लावणीआधी मातीची क्षारता तपासून घ्या. ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ज्योती, जया या नेहमीच्या भात वाणांच्या भरवशावर राहू नका. कोरगूट हे खारे सोसणारे गावठी भात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचे गोवा धान वाण घ्या. खार जमिनीसाठीचे पनवेल वाणही आहेत. माती न तपासता जिप्सम टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बियाणे बुडवा, तरंगलेले काढून टाका, उरलेले दोनदा गोड्या पाण्याने धुवा. तरवा (रोपांचा वाफा) उंच जागी टाका. भाताला क्षार सर्वांत जास्त बाधतो तो रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात, म्हणून खाजनात कोवळे रोप लावू नका. २५ ते ३० दिवसांचे रोप घ्या, एका चुडात तीन-चार. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या पावसाने उभे भात आडवे झाले होते. म्हणून ८० ते ८५ टक्के दाणे पिकले की कापणी सुरू करा आणि पेरणीच्या वेळीच कापणी यंत्राची बोलणी करून ठेवा.

खांड पडून खारे पाणी आत आलेच, तर आधी तारखेसह फोटो काढा आणि लगेच विभागीय कृषी कार्यालयात कळवा. शेतकरी आधार निधीसाठी आणि पीक विम्यासाठी ते लागतील. विम्याची शेवटची तारीख तिथेच विचारा. खांड बुजवल्यावर मानस प्रत्येक ओहोटीला उघडी राहील असे पाहा, आणि पावसाच्या गोड्या पाण्याने शेत धुऊन झाल्याशिवाय युरिया टाकू नका.