पावसाचा आकडा खरा असतो, पण तो वाचायचा कसा?

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि मधे तूर, दरवर्षीचं ठरलेलं. 2023चा पावसाळा संपला आणि पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, देशात 94 टक्के पाऊस झाला म्हणतात. सहा टक्क्यांनी एवढं पीक जातं का रे?" तो मनापासून विचारत होता, आणि आकडाही खराच होता.

पण त्या वर्षी देशात जुलै सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त, ऑगस्ट 36 टक्के कमी आणि सप्टेंबर पुन्हा 13 टक्के जास्त होता. 1901पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. आमचं सोयाबीन तेव्हा ऐन फुलात होतं. सकाळी रानात गेलं की ओळीओळींत गळलेल्या फुलांचा सडा दिसायचा, दुपारी झाडं माना टाकायची. सप्टेंबरच्या पावसानं बेरीज भरून काढली, शेंगा नाही भरल्या.

तेव्हापासून पावसाचा आकडा कुणी सांगितला की मी त्याच्याशी भांडत नाही. चार गोष्टी तेवढ्या विचारतो.

आधी तारखा मागा. समजा, एखाद्या गावची ऑगस्टची सरासरी 180 मिलिमीटर आहे. 3 तारखेला 90 पडला, 30 तारखेला 95. झाला 185, म्हणजे सरासरीच्या 103 टक्के. कागदावर महिना झकास गेला. रानात मात्र मधले 26 दिवस थेंब नाही, आणि दोन्ही दिवशी अतिवृष्टी, कारण 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की आपल्याकडे महसूल खातं अतिवृष्टी धरतं. तेच 185 आठ-दहा वेळा भीज पावसानं पडले असते तर पीक डोलत राहिलं असतं. म्हणून टक्के ऐकले की पुढचा प्रश्न एकच: पडला किती दिवस, आणि सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा? हे खंडाचे दिवस पिकाच्या वयाशी जुळवून बघा. पेरणीनंतर पंधरा दिवसांचं सोयाबीन ताण सोसतं, पण फुलात आणि दाणे भरताना नाही सोसत.

दुसरं, मोजला कुठं? 26 जुलै 2005ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 75सुद्धा भरला नाही. एकाच शहरात ही गत, तर तालुक्याच्या आकड्यावरून माझ्या बांधावरचा पाऊस कसा कळणार? आपल्या महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र कोणत्या गावात आहे ते तलाठ्याकडून माहीत करून घ्या. पीक विम्याच्या वेळी हेच आडवं यायचं.

तिसरं, 'सर्वसाधारण' म्हणजे किती? हवामान खात्याच्या जिल्हावार तक्त्यात उणे 19 टक्क्यांपासून अधिक 19 टक्क्यांपर्यंत सगळं सर्वसाधारणच. म्हणजे 81 टक्क्यांचा जिल्हा आणि 119 टक्क्यांचा जिल्हा नकाशावर एकाच रंगात. खात्याची त्यात चूक नाही, त्यांना कुठंतरी रेघ ओढावीच लागते. आपण रंग बघून थांबू नये, आकड्यापर्यंत जावं.

चौथं धरणाचं. जायकवाडी भरलं की लोक म्हणतात, मराठवाड्यात पाऊस झाला. अरे बाबांनो, जायकवाडीत पाणी येतं ते नाशिक-नगरच्या घाटमाथ्यावरून, गोदावरीनं. पैठणला दरवाजे उघडलेले असताना आमच्याकडं पिकं सुकताना मी पाहिली आहेत.

आता स्वतः मोजायचं कसं ते सांगतो. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. बाटली नको, खाली खळगे असतात आणि मान निमुळती असते. तोंड केवढंही असलं तरी चालतं; मोठ्या तोंडात जास्त पाणी येतं, पण ते तेवढ्याच मोठ्या बुडावर पसरतं, उंची तीच राहते. झाडापासून, भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, उघड्यावर ठेवा. वाऱ्यानं कलंडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीनं उंची मोजायची (पट्टीच्या शून्याआधी कोरी कड असते, ती उंचीत मिळवायला विसरू नका), वहीत लिहायची, डबा रिकामा करून परत सरळ ठेवायचा. हवामान खात्याची वेळही साडेआठचीच, म्हणून आजच्या तारखेत कालचा दिवसभराचा पाऊस येतो. हे ध्यानात नसलं की बातमीतला आकडा आणि आपली वही जुळत नाही आणि माणूस उगाच कुणाला तरी खोटं ठरवतो.

माझ्या वहीत तीनच रकाने आहेत: तारीख, मिलिमीटर, पिकाची अवस्था. तिसरा सगळ्यात कामाचा.

एवढं करूनही पेरणीच्या वेळी डब्यावर विसंबू नका. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं, आणि ते बरोबरच आहे. पण ढगफुटीसारखा एका तासात पडला तर उताराच्या मुरमाड रानातून निम्मं पाणी ओढ्याला जातं. खुरपं घ्या, वीतभर खोल उकरा, माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ओल पोचली. खाली कोरडी भुकटी लागली तर डब्यात काहीही भरलेलं असो, पेरायची तिफण बांधावरच राहू द्या.