गॅस सुटला तर घरात बसायचं, पण या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा पुणे-बेंगळुरू हायवेलगत घर असेल, तर हे वाचाच. क्लोरिन, अमोनिया असं काही सुटलं की आपण आधी काय करतो? गच्चीवर जाऊन बघतो! वर मोबाईलवर शूटिंग.

घोषणा बहुधा कन्नडमध्ये होईल. घरातल्या आजीला दोन वाक्यं शिकवून ठेवा: 'होरगे बरबेडि' म्हणजे बाहेर येऊ नका, 'किटकी बागिलु मुच्चि' म्हणजे खिडक्या-दारं लावा. इथं भाषेचा वाद नको.

खोली निवडताना मात्र हमखास चुकतं. खानापूरकडची जुनी कौलारू घरं दारं लावली तरी बंद होत नाहीत; कौलांच्या फटीतून वारा येतो तसा वायूही येणार. शेजारी स्लॅबचं घर असेल तर आजच बोलून ठेवा. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड, सखल जागी साचतो, म्हणून दुमजली घरात वरची, कमी खिडक्यांची खोली घ्या. माणशी 10 चौरस फूट जागा असली तर हवा 5 तासांपर्यंत पुरते. म्हणजे 8 बाय 10 च्या खोलीत आठ जण; सगळी गल्ली नव्हे.

चिकटपट्टी आणि जाड प्लास्टिक त्या दिवशी दुकानातून आणायचं नसतं. खिडकीच्या मापाचे तुकडे आधीच कापून त्यावर खिडकीचं नाव लिहा. फटी कुठं आहेत ते कळायला मी पंखा बंद करून उदबत्ती फिरवली. धूर सर्वांत जास्त हलला तो दाराखाली आणि झरोक्याजवळ, खिडकीशी नाही. दाराखाली ओला टॉवेल, झरोक्यावर प्लास्टिक. एसी, कूलर, एक्झॉस्ट बंद. उदबत्तीची ही चाचणी आधीच, एरवीच्या दिवशी करायची. खोली बंद केल्यावर निरांजन, कापूर, शेगडी काही पेटवू नका, आहे तो प्राणवायू खातात.

शाळेतून पोरांना आणायला धावू नका, शिक्षक त्यांना आत ठेवतील. तुम्हीच वाटेत सापडाल.

एक अपवाद: एलपीजीचा टँकर उलटला असेल तर कोंडून बसण्यात अर्थ नाही. तिथं स्फोटाचा धोका असतो. स्विचला हात न लावता वाऱ्याच्या आडव्या दिशेनं लांब जा आणि तिथून 112 ला फोन करा.

धोका टळल्याची घोषणा झाली की प्लास्टिक फाडून दारं-खिडक्या सताड उघडा आणि थोडा वेळ बाहेर या. आत अडकलेला वायू मग बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकतो.